जुन्या शिडाच्या बोटीतले डिझेल काढून विजेची मोटर कशी बसवावी

पाने-पकड हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. उदाहरणाला १९७० च्या दशकापासून अनेक वर्षे अमेरिकेत बनलेली कॅटलिना ३० धरू: पाणरेषेवर लांबी २५ फूट, वजन साधारण ४.६ टन. एवढ्या बोटीला शांत पाण्यात ४ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) सुमारे २ किलोवॉट लागतात, ५ नॉटला ४ आणि ६ नॉटला ८-९. शेवटचा एक नॉट दुप्पट वीज खातो. त्यामुळे २० अश्वशक्तीच्या डिझेलच्या जागी १५ किलोवॉटचीच मोटर हवी, हा हट्ट सोडा. १० किलोवॉट पुरते. पल्ला ठरतो तो बॅटरीवर.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे २८० अँपिअर-अवरचे १६ सेल सिरीजमध्ये जोडले की ५१.२ व्होल्ट आणि सुमारे १४ युनिट वीज मिळते. त्यातली ११ युनिटे वापरायची धरली, तर ४ नॉटने साडेपाच तास, म्हणजे २२ सागरी मैल जाता येते. ६ नॉटने सव्वा तासात खेळ खल्लास. समोरून वारा आणि लाट असेल तर हे आकडे निम्मे धरा. ज्यांना तासन्‌तास इंजिनवरच जावे लागते, त्यांनी डिझेलच ठेवावे.

इंजिन काढताना आधी डिझेल उपसा, समुद्राच्या पाण्याचा सीकॉक (तळातली झडप) बंद करा, मग होज, एक्झॉस्ट आणि वायरी सोडवा. इंजिन आणि प्रोपेलरचा शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट बहुतेक वेळा गंजून धरलेले असतात. आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. इंजिन शंभर किलोच्या वर भरते. चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, टांगणार असाल, तर बूमला नेमक्या त्याच जागी वरून हॅलयार्डचा (शीड वर ओढायच्या दोराचा) आधार द्या, नाहीतर बूम वाकतो. खाली जाड फळी टाका. इंजिन गेल्यावर तिथला तेलकट गाळ घासून काढून रंग द्या. एवढी मोकळी जागा पुन्हा मिळणार नाही.

पुढची चूक सगळ्यात महाग पडते. प्रोपेलर पाणी मागे लोटतो, त्याचा उलटा जोर शाफ्टवरून बोटीत येतो. डिझेलमध्ये तो गिअरबॉक्सची बेअरिंगे झेलत होती. आता गिअरबॉक्सच नाही, आणि मोटरची बेअरिंगे असा जोर घ्यायला बनवलेली नसतात. शाफ्ट सरळ मोटरला जोडला तर पहिले काही तास सगळे गोड चालते, मग घरघर सुरू होते. मोटरच्या चौकटीत स्वतंत्र थ्रस्ट बेअरिंग हवेच. मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांची असेल, तर दातेरी पट्ट्याने २.५ ला १ असे घटवून शाफ्टला १२०० फेऱ्या द्या.

मोटर आणि शाफ्टची सरळ रेषा जुळवण्याचे काम बोट पाण्यात उतरवून एक दिवस गेल्यावरच करा. स्टँडवर हल (बोटीचे धड) थोडा वेगळ्या आकारात बसतो. कपलिंगच्या दोन फ्लँजमधली (समोरासमोरच्या तबकड्यांमधली) फट फीलर गेजने (मोजपट्टीच्या पातळ पात्यांनी) वर, खाली, डावी-उजवीकडे मोजा. ४ इंचांच्या फ्लँजला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही.

वायरिंगमध्ये काटकसर नको. १० किलोवॉटला २०० अँपिअरच्या वर प्रवाह जातो, म्हणून कथिलाचा मुलामा असलेली ७० चौरस मिलिमीटरची केबल घ्या आणि ती शक्य तितकी आखूड ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात प्रचंड प्रवाहही तोडू शकणारा क्लास-टी फ्यूज लावा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. गाडीतला साधा फ्यूज वितळतो, पण आत ठिणगीचा झोत चालूच राहतो. त्यापुढे कॉन्टॅक्टर (मोठ्या प्रवाहाचा विजेवर चालणारा स्विच) आणि कंट्रोलरचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीचे) कपॅसिटर हळूहळू भरणारा प्रीचार्ज रेझिस्टर. केबलच्या टोकाचे लग (धातूची टोके) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबा. एका मिलिओहमचा ढिला सांधा २०० अँपिअरला ४० वॉट तापतो, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच झाला.

बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने) बंदराच्या तोंडावर अचानक वीज तोडली, तर बोट खडकांच्या हवाली होते. बॅटरी २० टक्क्यांवर येताच भोंगा वाजेल असे सेटिंग करा. शिडावर जाताना पाण्याने फिरणाऱ्या प्रोपेलरने बॅटरी भरणार असाल, तर पूर्ण भरायच्या आधीच ते भरणे थांबले पाहिजे. बीएमएसने मध्येच बॅटरी तोडली तर व्होल्टेज उसळून कंट्रोलर जळतो. तसेही ४ नॉटखाली त्यातून फारसे काही हाती लागत नाही. अल्टरनेटर गेल्यामुळे दिवे आणि रेडिओसाठी मुख्य बॅटरीच्या सुमारे ५० वरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर लागेल. शिवाय १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी वेगळी ठेवा.

सेलचे वजन ८५-९० किलो होते. ते इंजिनाच्याच जागी, तळाशी आणि बोट कलली तरी हलणार नाही असे जखडा. पहिली चाचणी धक्क्याला बांधूनच घ्या: पाव ताकदीवर १५ मिनिटे, मग प्रत्येक लग आणि स्टफिंग बॉक्स (शाफ्टभोवती पाणी अडवणारा सांधा) तपासा. जुना प्रोपेलर लगेच बदलू नका. त्याचा निकाल खुल्या पाण्यात लागतो. पूर्ण फेऱ्या गाठण्याआधीच मोटर प्रवाहाच्या मर्यादेला टेकली तर प्रोपेलरची पिच (एका फेरीत पुढे जाण्याचे अंतर) जास्त आहे. फेऱ्या पूर्ण होऊनही अँपिअर कमीच राहिले तर पिच वाढवायला वाव आहे.