बाकी ०.००, तरी थकबाकीदार: दशांश तुलनेतल्या या चुका टाळा

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम मीच पायथनमध्ये लिहिलाय, त्यामुळे बोलणीही मीच खातो. मार्चअखेरीला तिसऱ्या मजल्यावरचे काका बिल घेऊन दारात उभे. "बाकी ०.०० आणि खाली थकबाकीदार? मग भरू तरी किती?"

बाकी शून्य आहे का, हे मी थेट दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासलं होतं. फ्लोट, म्हणजे पायथनमधली दशांश चिन्हाची संख्या, बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) साठवला जातो आणि ०.१ बायनरीत नेमका बसत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात बसत नाही. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. त्यातून ०.३ वजा केले, तर सतराव्या स्थळी कचरा उरतो. बिलावर दोनच स्थळं छापली जातात, म्हणून तो दिसत नाही.

घाईघाईत इजक्लोज लावलं, म्हणजे दोन आकडे पुरेसे जवळ आहेत का ते सांगणारं पायथनचं फंक्शन. काका थकबाकीदारच! हे फंक्शन मुळात सापेक्ष फरक, म्हणजे आकड्याच्या प्रमाणात फरक किती, ते बघतं, आणि एक बाजू शून्य असली की सापेक्ष सूट, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, काहीच उरत नाही. निरपेक्ष, म्हणजे ठरावीक आकड्याची, सूट वेगळी द्यावी लागते. ती न दिल्यास शून्य धरली जाते. उलट दोन कोटींच्या ठेवीवर तीच सापेक्ष सूट, म्हणजे १ भागिले १०० कोटी, दोन पैशांची होते. तिथे एका पैशाची खरी चूक गुपचूप निसटते.

मग दोन्ही आकडे राउंड करून जुळवावेत? मीही केलं, फसलो. १०.००४९९९ आणि १०.००५००१ यांत फरक नगण्य, पण दोन स्थळांवर एकाचे १०.०० होतात, दुसऱ्याचे १०.०१. शिवाय पायथनमध्ये २.६७५ राउंड केल्यावर २.६८ नव्हे, २.६७ मिळतात, कारण आत साठलेली संख्याच २.६७५ पेक्षा किंचित कमी असते.

तात्पुरता इलाज म्हणजे वजाबाकीचं चिन्ह सोडून फरक अर्ध्या पैशापेक्षा, म्हणजे ०.००५ पेक्षा, कमी आहे का ते बघणं. पैशांच्या हिशेबात त्याखालचा फरक खरा नसतोच.

शेवटी सगळ्या रकमा मी पूर्णांकात, पैशांत ठेवल्या. व्याजाचे अपूर्णांक बिल तयार होतानाच एकदा राउंड होतात, नंतर कधीच नाही. डेसिमल हा दशांश संख्या नेमकी साठवणारा पायथनचा प्रकारही चालला असता, मात्र त्याला ०.१ अवतरणचिन्हांत द्यायचा. नुसता फ्लोट दिला तर तो कचराही इमानेइतबारे उचलतो.

काकांना नवं बिल दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पार्किंगचे पैसे जास्त लावलेत म्हणाले. ते मात्र बरोबर होते.