ऑनलाइन मागवलेला माल बनावट निघाला, तर पैसे परत कसे मिळवायचे

खरीप तोंडावर आला की गावोगावच्या मोबाइलवर एकसारख्या जाहिराती दिसू लागतात: नावाजलेल्या कंपनीचा बॅटरीवरचा फवारणी पंप, दुकानातल्या भावापेक्षा निम्म्या किमतीत. पंप येतो, दिसायला अगदी तोच असतो आणि आठ-दहा पंप फवारून झाले की बॅटरी दम टाकते. सर्व्हिस सेंटरला नेला तर तिथला माणूस बुडाखालचं स्टिकर पाहूनच सांगतो, "हा आमचा मालच नाही." मग घरी एकच वाक्य ऐकू येतं: "जाऊ दे न भाऊ, दोन हजारासाठी कोण मांगं लागते!" बनावट माल विकणाऱ्यांचा सगळा हिशेब याच वाक्यावर बसवलेला असतो. दोन हजारांत निंदणाच्या मजुरांचा चुकारा होतो. ते पैसे सोडून देऊ नका.

कायदा आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे, खरा असल्याचं खोटं सांगून विकलेला माल हा बनावट माल. त्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स, म्हणजे ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या, नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की माल बनावट किंवा सदोष असेल, अथवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. पंप शेतीसाठी, म्हणजे धंद्यासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कोणी सांगितलं तर मानू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसते. शिवणयंत्र घेणारी ताईसुद्धा त्यात येते.

पार्सल हातात येतं तेव्हा

आपल्याकडे पार्सल दारापर्यंत क्वचितच येतं. फोन येतो, "फाट्यावर या", आणि पानटपरीसमोर उभ्या-उभ्या डबा हातात पडतो. तिथेच फोडून पाहायला पार्सल देणारा पोरगा थांबत नाही, हे खरं आहे. पण 'ओपन बॉक्स' डिलिव्हरी (डबा समोर उघडून दाखवण्याची सोय) असेल तर वस्तू पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नका. तो सांगितला की वस्तू बरोबर मिळाल्याची नोंद होते. साधी डिलिव्हरी असेल तर डबा घरी आणून आधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा. डब्याच्या सहाही बाजू, पत्त्याचं लेबल, चिकटपट्टी दाखवा. मग एका दमात, मध्ये न थांबवता, डबा उघडून वस्तू बाहेर काढा. वस्तूवरचा सिरियल नंबर जवळून दिसू द्या.

शंका आली की वस्तू वापरू नका. खोकं, आतली पिशवी, वॉरंटी कार्ड, बिल, काहीही चुलीत किंवा उकिरड्यावर जाऊ देऊ नका. अनेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात, कारण खोकं पोरांनी खेळायला घेतलेलं असतं आणि पत्त्याचं लेबल फाटलेलं असतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास होते. ऑर्डर पुतण्याच्या किंवा रिचार्जच्या दुकानातल्या पोट्ट्याच्या खात्यावरून दिलेली असते. मग बिल त्याच्या नावाचं निघतं. तक्रार त्याच्याच नावाने, त्याच्याच खात्यातून करा. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक आहे, तरी कागदावर एकच नाव राहिलं की गुंता होत नाही.

बनावट आहे हे दाखवायचं कसं

"क्वालिटी खराब आहे" एवढंच लिहिलं तर कंपनी एकतर वस्तू बदलून देते किंवा हात झटकते. बनावट असल्याचं दाखवता आलं पाहिजे, आणि ते फार अवघड नाही.

लेबल वाचा. पॅकबंद मालावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असणं बंधनकारक आहे. माल बाहेरून आयात केलेला असेल तर मूळ देशाचं नावही. नकली पंपाच्या डब्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि पत्त्याच्या जागी नुसतं शहराचं नाव, किंवा तेही नाही. नावात एखादं अक्षर बदललेलं असतं. बॅटरीवर क्षमता १२ अँपिअर-अवर लिहिलेली असते आणि हातात घेतली तर ती अस्सल बॅटरीपेक्षा हलकी लागते. या प्रत्येक गोष्टीचा, शक्य असेल तर शेजाऱ्याच्या अस्सल पंपाजवळ ठेवून, फोटो काढा.

आयएसआय मार्क असेल तर 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप घ्या आणि मार्कजवळचा परवाना क्रमांक त्यात टाका. परवाना कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. चार्जर, पॉवर बँक यांच्यावरचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही तिथेच तपासता येतो.

सगळ्यात वजनदार पुरावा मूळ कंपनीकडून मिळतो. तिच्या अधिकृत ग्राहक सेवेला सिरियल नंबर आणि फोटो ईमेल करा आणि एवढंच विचारा: "हा माल तुमचा आहे का, कृपया लेखी कळवा." सर्व्हिस सेंटरचा माणूस तोंडी "नकली आहे" म्हणाला तर त्याच्याकडून जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) तसं लिहून घ्या.

ॲपवर तक्रार

ऑर्डरच्या पानावर जाऊन 'रिटर्न' दाबलं की कारण विचारतात. इथे घाई करू नका. "आता नको आहे" निवडलं तर तुमचीच मर्जी बदलली असं धरलं जातं. "बनावट" किंवा "दाखवल्याप्रमाणे नाही" हेच कारण निवडा, फोटो जोडा आणि मोजक्या शब्दांत लिहा. उदाहरणार्थ:

"मी अमुक तारखेला अमुक ऑर्डर क्रमांकाने अमुक कंपनीचा फवारणी पंप मागवला. आलेल्या पंपावर कंपनीचा पत्ता व सिरियल नंबर नाही. मूळ कंपनीने तो आपला नसल्याचं लेखी कळवलं आहे. माल बनावट असल्यामुळे मला बदली वस्तू नको, पूर्ण रक्कम परत हवी."

बदली वस्तू नको, हे मुद्दाम लिहा. त्याच विक्रेत्याकडून दुसरा पंपही तसलाच येण्याची दाट शक्यता. रिटर्नची मुदत उलटून गेली असेल तरी गप्प बसू नका. मुदत हा त्या ॲपचा नियम आहे, बनावट मालाबद्दलचा तुमचा हक्क कायद्यातून येतो. अशा वेळी ॲपच्या खालच्या भागात दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला असा अधिकारी नेमावाच लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निकाली काढायची असते. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

"आम्ही फक्त बाजार मांडून देतो, विक्रेता वेगळा आहे" हे उत्तर येईल. तरी मागे हटू नका. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवणं त्या कंपनीचं काम आहे. तो मागून घ्या. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दर्जाचे सक्तीचे नियम न पाळणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी एक लाख रुपये दंड लावला होता आणि ग्राहकांचे पैसे परत करायला सांगितलं होतं.

"तुमच्या पिनकोडवर पिकअप होत नाही" हा खेड्यातला नेहमीचा अडथळा. त्यावर परतीचा पत्ता आणि पाठवणीचा खर्च देण्याची कबुली चॅटवरच लेखी घ्या. ती मिळाल्यावर पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा, वजनाची पावती जपून ठेवा. परवानगीशिवाय पाठवू नका. वस्तू गेली की पुरावाही गेला, म्हणून त्याआधी सगळे फोटो काढून ठेवा.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. ते गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावतात, क्यूआर कोड पाठवतात, पिन टाकायला सांगतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. नकली पंपाचे दोन हजार सोडवायला गेलेल्या माणसाच्या खात्यातून कापसाचे पैसे जावेत, याहून वाईट काय? नंबर ॲपच्या आतूनच घ्या. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर परताव्यासाठी खाते क्रमांक ॲपमध्येच भरा, फोनवर सांगू नका.

१९१५ आणि बँक

ई-कॉमर्स कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. सकाळी ८ ते रात्री ८ चालते, मराठीत बोलता येतं. फोन लागला नाही तर ८८००००१९१५ या नंबरला व्हॉट्सॲपवरही तक्रार पाठवता येते. तिथे ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि कंपनीकडचा तक्रार क्रमांक विचारतात, म्हणून वही जवळ ठेवा. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, ती तक्रार कंपनीपुढे नेऊन तोडगा काढते. तरी मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेत लेखी अर्ज देऊन 'चार्जबॅक' मागा, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागा. त्याला मुदत असते, म्हणून रिटर्नच्या भांडणासोबतच हा अर्ज द्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. यूपीआयवरून स्वतः पिन टाकून दिलेले पैसे बँक सहजासहजी परत खेचत नाही, तरी ॲपमध्ये तक्रार नोंदवून ठेवा. विक्रेत्याची वेबसाइटच गायब झाली असेल तर तो सरळ सायबर गुन्हा आहे: त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकत जातात.

बियाणं आणि औषध असेल तर

कपाशीचं बियाणं किंवा फवारणीचं औषध समाजमाध्यमांवरच्या जाहिराती पाहून मागवूच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पंप बिघडला तर दुसरा घेता येतो, हुकलेला हंगाम परत येत नाही. घेतलंच असेल तर पाकीट, टॅग, लॉट नंबर आणि थोडं बियाणं शिल्लक ठेवा, आणि पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पीक उभं असतानाच पंचनामा झाला पाहिजे. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलं आहे, त्यामुळे भरपाईसाठी पुढचा रस्ताही खुला आहे.

ग्राहक आयोग

तो रस्ता म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची.

आधी ई-कॉमर्स कंपनी आणि विक्रेता दोघांना स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. कायद्यात तशी सक्ती नाही, पण आयोगापुढे तुमची बाजू भक्कम होते, आणि काही वेळा नुसत्या नोटिशीवरच पैसे जमा होतात. नंतर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार भरा. आपले सरकार सेवा केंद्रात बिल, फोटो, चॅट, मूळ कंपनीचं उत्तर, नोटीस आणि पोस्टाची पावती स्कॅन करून मिळेल. सोबत शपथपत्र जोडावं लागतं. मागणीत वस्तूची किंमत, खर्च आणि झालेल्या त्रासाची भरपाई वेगवेगळी लिहा. आकडा पटण्याजोगा ठेवा. व्हिडिओवरून सुनावणी मिळावी असा अर्ज करता येतो, त्यामुळे दर तारखेला एसटीने जिल्ह्याला जाण्याची गरज पडेलच असं नाही. लिहिणं जमत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो.

प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत, लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो, तयारी ठेवा. निकाल लागूनही कंपनीने पैसे दिले नाहीत तर त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेश अमलात आणण्याचा अर्ज, दाखल करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान २५ हजार आणि कमाल एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.