थायलंडला फूड टूर आणि कुकिंग क्लास करताय? मग या चुका टाळा

आम्ही थायलंडला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा टूर कंपनीबरोबर, म्हणजे सकाळ-संध्याकाळ पनीर, दाल फ्राय, जिरा राईस, आणि परत आल्यावर कोणी विचारलं तिकडे काय खाल्लं तर सांगायला काहीच नाही. म्हणून दुसऱ्या वेळी मी ठरवूनच टाकलं की बँकॉकला एक फूड टूर आणि उत्तरेतल्या चियांग मायला दिवसभराचा कुकिंग क्लास करायचाच. मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासूबाई. सासूबाई रत्नागिरीकडच्या, मासे मनापासून खातात पण सोमवार कडक पाळतात. बरंच काही मस्त झालं, काही चुकलं, आणि नंतर ओळखीतले जे जे गेले त्यांचंही साधारण तिथेच अडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

"आम्ही व्हेज आहोत" एवढंच सांगणं

ही सगळ्यात मोठी चूक. तुम्ही व्हेज म्हणालात की ते चिकन काढतात, कोळंबी काढतात आणि मनापासून बनवून देतात, पण नाम प्ला म्हणजे फिश सॉस तसाच राहतो, कारण त्यांच्यासाठी ते मीठ आहे, मिठाला कोण नॉनव्हेज म्हणेल? करी पेस्टमध्ये कपी असते, म्हणजे खारवून आंबवलेल्या बारीक कोळंबीची पेस्ट. परतलेल्या साध्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस असतो. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड, दिसायला एकदम निरुपद्रवी, त्यात सुका जवळा असतो आणि इसान म्हणजे ईशान्य थायलंडकडचं असेल तर आंबवलेल्या माशाचं पाणीसुद्धा. यात कोणी फसवत नाही हो, त्यांची व्याख्याच वेगळी आहे.

त्यामुळे शब्द पाठ करा. "जे" हा तिथला खूप कामाचा शब्द. जे म्हणजे चिनी बौद्ध पद्धतीचं जेवण, त्यात मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच पण कांदा-लसूणसुद्धा नाही. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते जे दुकान. (जैन मंडळींनी तरी बटाटा-गाजर विचारून घ्या, जे मध्ये कंदमुळं चालतात.) साध्या व्हेजला "मंगसविरत" म्हणतात, त्यात अंडं असू शकतं. आणि "माय साय नाम प्ला" म्हणजे फिश सॉस घालू नका. हे थाई लिपीत फोनवर सेव्ह करून ठेवा आणि गाडीवर सरळ दाखवा, आपला उच्चार चुकला तर त्यांना खरंच कळत नाही.

फूड टूरचं बुकिंग करतानाच हे लिहून कळवा, आयत्या वेळी नाही. गाइडची दुकानं ठरलेली असतात, आदल्या दिवशी कळलं तर तो दोन-तीन ठिकाणं बदलू शकतो, गल्लीत उभं राहून सांगितलं तर तुमच्या वाट्याला फक्त फळं येतात. आमच्या सासूबाईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं. टूर सोमवारी घेतला होता, त्यांचा उपासाचा नसला तरी शाकाहाराचा वार, आणि मी कळवायचंच विसरले. त्यांनी तीन तास आंबा, पेरू आणि नारळपाणी यावर काढले, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण मला अजून वाईट वाटतं.

सोमवारचा दुसरा घोळ म्हणजे बँकॉकच्या याओवारातला, म्हणजे चायनाटाऊनला, सोमवारी बऱ्याच गाड्या बंद असतात. निम्मी मजा तिथेच गेली. तर वार बघून बुक करा.

एप्रिलच्या सुट्टीत चियांग माय

मुलांची परीक्षा संपली की आपण निघतो, पण तेव्हा तिकडे कडक उन्हाळा असतो आणि उत्तरेत साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जळतात त्याचा धूर शहरावर बसलेला असतो. बहुतेक क्लास उघड्या शेडमध्ये असतात, समोर गॅस पेटलेला, वर धूर. दम्याचं कोणी असेल तर नकोच. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, त्यांचं नवीन वर्ष, पाण्याची धमाल असते पण लोक गावी गेलेले असतात, बरीच छोटी दुकानं बंद. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात छान.

आणि क्लासच्या किंवा टूरच्या दिवशी हॉटेलचा ब्रेकफास्ट फुकट आहे म्हणून दाबून खाऊ नका. क्लासमध्ये जे कराल ते सगळं तिथेच खायचं असतं, पाच-सहा पदार्थ होतात.

"आम्ही कोल्हापूरचे, तिखट करा"

आमच्या ग्रुपमध्ये खरंच एक कोल्हापूरचे काका होते आणि त्यांनी खरंच असं सांगितलं. आपल्या तिखटाला तेल, खोबरं, कांदा यांचा आधार असतो, ते हळूहळू चढतं. सोम ताममध्ये बारकी मिरची, फ्रिक खी नू, कच्चीच ठेचून जाते, वरून लिंबू, आणि तिखट जिभेवर नाही तर थेट घशात लागतं. काकांना पुढचे चार पदार्थ कसलीच चव लागली नाही. पहिला घास "फेत नित नोय", म्हणजे थोडंसं तिखट, आणि नंतर वाढवा. टेबलावर साखर, फिश सॉस, मिरचीची पूड आणि मिरचीचं व्हिनेगर असा चार डब्यांचा सेट असतो तो त्यासाठीच, नूडल्स आपल्या आपण जुळवून घ्यायच्या असतात. जाता जाता एक, चॉपस्टिक्स फक्त नूडल्सला, भाताला चमचा उजव्या हातात आणि काटा ढकलायला.

क्लास निवडताना न विचारणं

दोन गोष्टी विचाराच. प्रत्येकाला वेगळी शेगडी आणि स्वतःचा खलबत्ता मिळतो का, की शिक्षिका करणार आणि आपण बघणार? आणि पेस्ट तिथे कुटायची आहे की डब्यातली? तयार पेस्ट असेल तर तो क्लास सोडून द्या, कारण शिकण्यासारखं सगळं त्या कुटण्यात आहे, आणि शाकाहारी माणसाला कपी वगळायचा सोपा रस्ताही तोच.

शिवाय चियांग मायला जाऊन लोक ग्रीन करी आणि पॅड थाई, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, निवडतात. हे मध्य थायलंडचं जेवण, बँकॉकलाही शिकता येतं. पॅड थाई तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सरकारनेच देशभर पसरवलेला पदार्थ. उत्तरेत गेलात तर खाव सोय शिका, नारळाच्या दुधातल्या नूडल्स, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचं नाम फ्रिक नुम. ते खाताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर ठेचाच."

नारळाचं दूध फुटू न देणं

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथे आपलं स्वयंपाकघराचं शहाणपणच आडवं येतं. सासूबाई आयुष्यभर सांगत आल्या की नारळाचं दूध शेवटी घालायचं, उकळी आणायची नाही, फुटतं. क्लासमध्ये कढईत जाड दूध आटायला लागलं, कडेला तेल दिसायला लागलं तशी त्यांनी पटकन गॅस बारीक केला. शिक्षिकेने हसून परत मोठा केला. पुन्हा यांनी बारीक केला! मग तिने समजावलं की थाई करीत पहिलं जाड दूध मुद्दाम फोडतात, तेल सुटतं, आणि त्या तेलात पेस्ट परततात. पातळ दूध नंतर. म्हणजे आपण मसाला तेल सुटेपर्यंत परततो तेच, फक्त तेल नारळातून येतं. हे कळल्यावर सासूबाईंचा चेहरा असा काही खुलला की काय सांगू, नंतर दिवसभर त्या शिक्षिकेच्या मागे मागे.

घरी आल्यावर करी "तशी" होत नाही

डब्यातल्या दुधात स्टॅबिलायझर असेल तर ते कितीही आटवा, फुटत नाही. नारळ खवून पहिलं दूध काढा, किंवा सरळ चमचाभर तेल घालून पेस्ट परता. मिक्सरमध्ये पेस्ट करताना पाणी घातलं की ती परतली जात नाही, शिजते, आणि कच्चट लागते. पाण्याऐवजी नारळाचं दूधच घाला. खलबत्त्यात करणार असाल तर आधी मीठ आणि सुक्या मिरच्या, मग गवती चहा, शेवटी लसूण-कांदा, कारण ओलं आधी गेलं तर घट्ट काही कुटलंच जात नाही.

गवती चहा म्हणजेच लेमनग्रास, पण आपण पाती घेतो आणि त्यांना लागतो बुडखा, खालचा पांढरा कोवळा भाग. कुंडीत लावलात तर मिळेल. गलांगल म्हणजे कुलिंजन, आलं घातलं तर वेगळीच आमटी होते. कोथिंबिरीची मुळं टाकू नका, पेस्टमध्ये तीच हवीत. पॅड काफ्राव, म्हणजे मिरची-लसणावर परतलेला पदार्थ, त्यात जो पाला असतो तो आपल्या तुळशीचाच भाऊ, ग्रीन करीतला वेगळा, त्या दोघांची अदलाबदल करू नका.

पॅड थाई गिचका होतो कारण नूडल्स उकडतो. उकडू नका, साध्या पाण्यात भिजवा, वाकायला लागल्या की काढा, आणि एका वेळी एक किंवा दोनच प्लेट करा, सहा जणांचं एकदम घातलं की ते वाफवलं जातं. टॉम यम म्हणजे आंबट-तिखट सूप, त्यात लिंबू गॅस बंद केल्यावर. चिकट भात आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचा होत नाही, तो तांदूळच वेगळा, रात्रभर भिजवून वाफवायचा, पाण्यात शिजवायचा नाही.

आणि तिकडून आणताना ताजी पानं, मुळं, रोपं बॅगेत घालू नका, प्लांट क्वारंटाईनचे नियम असतात. पेस्ट सीलबंद घ्या आणि चेक-इन बॅगेतच ठेवा, हँडबॅगेत १०० मिलीच्या वरची पेस्ट काढून घेतात. माझी दोन पाकिटं अशीच विमानतळावर राहिली. सासूबाईंनी मात्र तिथून दगडी खलबत्ता आणला, सहा किलोचा, आणि त्याच्यासाठी स्वतःच्या दोन साड्या बॅगेतून काढून माझ्या नवऱ्याच्या सॅकमध्ये भरल्या.