माळावरचा काळवीट: मागे न लागता जवळून कसा पाहावा, कसा टिपावा

काळविटाचे फोटो काढायचे म्हटलं की ठरलेले सल्ले मिळतात. मोठ्यात मोठी लेन्स घ्या, चट्ट्यापट्ट्यांचे कपडे घाला, गवतातून सरपटत पुढे सरका. लेन्सचं एकवेळ ठीक आहे, पण सरपटण्याचा सल्ला देणाऱ्याने हरणांकडे नीट पाहिलेलंच नाही. माळावर लांडगा असाच दबकत येतो. जमिनीलगत हळूहळू मोठा होत जाणारा आकार हरणांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि त्याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच असतो. उघड्या रानात आपण दिसणारच, हे आधी मान्य करा. काळवीट ज्या जागी आपण होऊन परत येणार आहे ती जागा ओळखायची आणि त्याच्या आधी तिथे जाऊन बसायचं. फोटो मिळतो तो असाच.

कुठे आणि कधी

महाराष्ट्रात पहिलं नाव रेहेकुरीचं. अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात १९८० साली झालेलं हे अभयारण्य आहे जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. नुसता पसारा पाहणाऱ्याला ते चिमुकलं वाटेल, पण काळवीट शिकायला याहून सोपी जागा नाही. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य दुसरं. चिंकारा पाहायचा असेल तर बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. पुणे वनविभागाची कडबनवाडी आणि शिरसुफळ इथली गवताळ सफारीही आहे. तिथे स्थानिक मार्गदर्शक सोबत असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याचं ऐकावं. माळ त्याच्या पायाखालचा असतो. आत कुठे चालायची मुभा आहे आणि कुठे नाही, हे गेटवरच विचारून घ्या.

पावसाळा सरत आला की नर सर्वांत काळे असतात. उन्हाळ्याकडे तो रंग तपकिरी, विटका होत जातो. काळाभोर नरच हवा असेल तर एप्रिलमध्ये जाऊन हळहळू नका. नुसतं निरीक्षण करायचं असेल तर मात्र कोणताही महिना चालतो, कारण काळवीट दिवसाउजेडी वावरणारा प्राणी आहे.

सामान

३०० ते ५०० मिलिमीटरची लेन्स, दुर्बीण, गाडीच्या खिडकीवर ठेवायला वाळूची किंवा तांदळाची पिशवी, मातकट साधे कपडे, पाणी. कुसळं मोज्यात शिरतात म्हणून जाड कापडाची विजार. पांढरी टोपी घालू नका.

जवळ जाणं

मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, आणि सगळ्यात चुकीचं लिहिलं जातं तेही याच्याबद्दल.

पहिली गोष्ट, काळवीट डोळ्यांवर जगतो. वाऱ्याची दिशा बघण्यात लोक अर्धा तास घालवतात आणि मग टेकाडाच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर ताठ उभे राहतात. वारा सोयीचा असेल तर उत्तमच, पण आधी आपली आकृती सांभाळा. उंचवटा ओलांडायचा तर त्याच्या कडेने ओलांडा. हात हवेत करून ‘तो बघ, तो बघ’ दाखवणं बंद. दोघांपेक्षा जास्त माणसं पायी जाऊ नका.

दुसरी गोष्ट, सरळ रेषेत चालू नका. आपल्याकडे थेट येणारं काहीही हरणांना नको असतं. याच माळावर धनगर मेंढरं घेऊन रोज वावरतात आणि हरणं त्यांना बिचकत नाहीत. हरणांनी खूप जवळून माणूस जाऊ दिलेला मी पाहिला आहे, तो कोणी छायाचित्रकार नव्हता, मेंढरांमागे जाणारा म्हातारा होता. त्याचं चालणं पाहून घ्या. तो हरणांकडे बघत नाही. त्याची वाट त्यांच्या बाजूने तिरपी जाते, तो थांबतो, खाली बघतो, पुन्हा चालू लागतो. तसंच करा. कळपाच्या एका अंगाने निघा, नजर जमिनीवर ठेवा, आणि अंतर आपोआप कमी होऊ द्या.

तिसरी गोष्ट, माना वाचायला शिका. बहुतेक वेळा नराआधी एखादी मादीच मान वर करते. एक मान वर झाली की तुम्ही जागच्या जागी थांबायचं आणि कॅमेराही वर न्यायचा नाही. ती पुन्हा चरायला लागली तरच पुढे. तीन-चार माना एकदम वर झाल्या, कान पुढे वळले, कोणी पाय आपटला, तर तुमची हद्द संपली. तिथेच खाली बसा किंवा दोन पावलं मागे या. या क्षणी ‘अजून थोडं पुढे’ म्हणणारे लोक नंतर पळणाऱ्या पाठींचे फोटो घेऊन घरी येतात. एखादी मादी ताडकन हवेत उसळली की मागोमाग सगळा कळप उड्या घेत निघतो. दिसायला ते देखणं असतं, म्हणून मुद्दाम टाळ्या वाजवून, गाडी मागे घालून कळप उठवणारेही असतात. हे अक्षम्य आहे. चराईच्या आणि सावलीच्या वेळेतून ती धाव त्यांना भरून काढावी लागते. त्यात गाभण माद्या असतात, मागे राहिलेली पिल्लं असतात.

आता मुद्द्याची जागा. स्वतःचा इलाका धरून राहणारा नर ठरावीक ठिकाणी लेंड्या टाकतो. महिनोन्‌महिने एकाच जागी टाकून तिथे ढीग साचतो. वरच्या लेंड्या ओलसर, काळ्या, चकचकीत असतील तर त्या आजच्या. खालच्या सुकून भुऱ्या पडलेल्या असतात. ढिगाच्या आसपासच्या काड्या आणि बाभळीची खालची टोकं निरखून पाहा. काळविटाच्या डोळ्यापुढे खाली एक खोबण असते. तो काडीचं टोक अलगद त्या खोबणीत घेतो आणि मान हलवून काढतो, तेव्हा काडीवर काळसर चिकट थेंब राहतो. ताजा ढीग आणि ताजी काडी दोन्ही मिळाली म्हणजे धनी जवळपास आहे आणि परत येणार आहे.

ढिगापासून साठ-सत्तर पावलांवर, सूर्य पाठीशी ठेवून, एखाद्या झुडपाच्या पायथ्याशी बसा. झुडपाच्या मागे नाही, पुढे बसा. तुमची कडा त्यात मिसळली पाहिजे. उजाडण्याच्या आधी बसलेलं बरं. मग हलायचं नाही. तासभर काही होणार नाही. मोबाइल बघायचा नाही, डबा उघडायचा नाही. नर येतो तो बहुतेकदा चरत चरत येतो, ढिगाशी थांबतो, हुंगतो. तुम्ही दिसलात तरी, बसलेला आणि न हलणारा माणूस त्याला कळपावर चालून येणाऱ्या माणसाइतका खुपत नाही.

पायी जायची मुभा नसेल तर हेच सगळं गाडीतून. थांबायची जागा आधी ठरवा, इंजिन बंद करा, दार उघडू नका. मागून-पुढून गाडी सरकवत बसलात तर कळप तुमच्यापासून तेवढाच सरकत राहील.

काय पाहायचं

कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी थोडा वेळ नुसती दुर्बीण लावा. नर मादीसमोर येतो तेव्हा नाक वर करतो, शिंगं पाठीवर टेकवतो, शेपटी पाठीवर वळवतो आणि घशातून घुरघुरतो. डोळ्यापुढची ती खोबण तेव्हा उघडलेली दिसते. दुसरा नर आला तर दोघं काही अंतर शेजारी-शेजारी ताठ चालतात. टक्कर होणार की नाही, ते या चालण्यातच ठरतं, आणि बऱ्याचदा एकजण वळून जातो. म्हणून शिंगं अडकण्याची वाट बघत हे चालणं सोडू नका.

कॅमेऱ्याच्या खुबी

चरणाऱ्या हरणाला सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा शटर-वेग पुरतो, उडीला दोन हजाराव्या. गवताची पाती मध्ये येतात तेव्हा फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा.

काळी पाठ आणि पांढरं पोट एकाच चौकटीत सांभाळणं हे खरं दुखणं. काळा नर चौकट भरून असेल तर कॅमेरा चित्र उजळ करतो आणि डोळ्याभोवतीचं पांढरं वर्तुळ जळून जातं. तेव्हा उजेड (एक्स्पोजर) पाऊण-एक टप्पा (स्टॉप) खाली घ्या. पांढऱ्यात तपशील राहिला की काळ्यातला नंतर काढता येतो. उलटं होत नाही. डोक्यावरच्या उन्हात मात्र कोणतीच युक्ती चालत नाही, पाठ सपाट काळी दिसते.

आणि ऊन तापलं की दूरचं काही टिपू नका. जमिनीवरची हवा लहरायला लागते, शिंगांचे पीळ विरघळल्यासारखे येतात आणि माणूस लेन्सला दोष देतो. महागडी लेन्स यावर उपाय नाही. अंतर कमी असणं हाच उपाय. तापलेल्या बॉनेटवरून नेम धरल्यावरही हेच होतं.

निघताना

जसे आलात तसेच तिरपे, हळू निघा. ताडकन उठून कपडे झटकू नका. गवतात निपचित पडलेलं पाडस दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं, आई चरायला गेलेली असते. त्याला हात लावू नका, पाणी पाजू नका, भोवती फोटोंसाठी गर्दी करू नका, आणि जागा कोणाला कळवू नका. रब्बीत कळप हरभऱ्यात, ज्वारीत उतरतात. तिथे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका. त्याचं नुकसान आधीच झालेलं असतं, त्यात आपली पावलं नकोत.

मोकाट कुत्री हरणांमागे लागलेली दिसली, फासे किंवा जाळी सापडली, तर स्वतः हात न घालता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. गावाचं नाव, गट किंवा जवळचा पाझर तलाव, आणि नेमकी वेळ सांगा.