छोट्या फ्लॅटमध्ये सायकल भिंतीला टांगायची असेल तर आधी भिंत ओळखा

वन बीएचकेमध्ये सायकल जमिनीवर उभी केली की सोफा आणि दार यांच्यातली वाट जाते, म्हणून ती भिंतीवर न्यायची. बाल्कनीत ठेवली तर उन्हानं टायर तडकतात आणि पावसाळ्यात चेन गंजते. जिन्यात तर अजिबात ठेवू नका. आग लागली की वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं अंधारात, धुरात त्याच जिन्यानं उतरणार असतात. तिथे सोसायटीनं परवानगी दिली तरी ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

नेटवर या विषयावर जे सापडतं ते बहुतेक परदेशातल्या लाकडी सांगाड्याच्या घरांसाठी लिहिलेलं असतं, भिंतीमागचा लाकडी खांब शोधा आणि स्क्रू पिळा. आपल्या भिंतीत खांबच नसतो. मग लोक तोच हूक मागवतात, सोबत आलेले इवलेसे प्लग (भोकात बसवायच्या, स्क्रू पिळला की फुगणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या) वापरतात, आणि कधीतरी रात्री सायकल खाली येते.

जागा आणि माप

सायकल दोन प्रकारे टांगता येते. आडवी टांगली, म्हणजे वरच्या नळीवर किंवा पेडलवर, तर भिंतीची साधारण पावणेदोन ते १.८ मीटर लांबी लागते आणि ती बाहेर येते हँडलच्या पूर्ण रुंदीइतकी. एमटीबीचं (माउंटन बाइकचं) हँडल ७०-७५ सेंटीमीटर असतं, म्हणजे तितकीच बाहेर, आणि फ्रेम भिंतीपासून ३५ ते ३८ सेंटीमीटरवर. उभी टांगली, म्हणजे पुढचं चाक हूकमध्ये, तर भिंतीवर हँडलइतकीच रुंदी लागते पण सायकल एक मीटरच्या वर बाहेर येते, त्यामुळे पॅसेजमध्ये नको, कोपऱ्यात चालते. दोन सायकली शेजारी-शेजारी उभ्या टांगायच्या असतील तर एक हूक दुसऱ्यापेक्षा २०-२५ सेंटीमीटर वर घ्या, नाहीतर हँडलं एकमेकांत अडकतात.

उभ्यासाठी हूकची उंची टेपनं ठरवू नका. सायकल मागच्या चाकावर उभी करा, भिंतीला टेकवा, दोन-तीन इंच उचला आणि पुढच्या चाकाची रिम वरच्या बाजूला जिथे येते तिथे पेन्सिलनं खूण करा. मागचं चाक जमिनीपासून इतकंच वर राहिलं पाहिजे, म्हणजे रोज पूर्ण सायकल उचलावी लागत नाही. मागच्या चाकावर उभी करून ढकलत न्यायची आणि शेवटी सीटखाली मांडी लावून जरासं वर करायचं. घरात आई-बाबा किंवा कमी उंचीचं कुणी सायकल वापरणार असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

आता खरं काम, भिंत

इथेच मी सगळ्यात जास्त झगडलोय, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त घाई करतात. हूकच्या पाकिटावर "३० किलो" लिहिलेलं असतं ते त्या लोखंडाबद्दल असतं, तुमच्या भिंतीबद्दल ते पाकीट काहीही सांगू शकत नाही. एका मित्राकडे मिस्त्रीनं मस्त जाड हूक लावून दिला, महिनाभर टिकला, मग प्लगसकट मूठभर भुकटी घेऊन बाहेर आला. हूकला ओरखडासुद्धा नव्हता.

भिंत ओळखायची ती भोकातून येणाऱ्या भुकटीवरून. टकटक करून आवाज ऐकायचा सल्ला विसरा, वरच्या प्लास्टरमुळे आवाज फसवतो. जिथे हूकची पट्टी झाकेल अशा ठिकाणी ५ एमएमच्या बिटनं एक बारीक भोक पाडा. आधी अर्धा इंच प्लास्टर येईल, करडं म्हणजे सिमेंट, पांढरंशुभ्र म्हणजे जिप्सम, ते सोडून द्या. त्यानंतर जे येईल ते बघा. लाल भुकटी आली तर वीट. करडी भुकटी अगदी थोडी-थोडी येते आणि ड्रिल रडतंय तर काँक्रीट, म्हणजे कॉलम, किंवा बिल्डिंग मिव्हनची (साच्यात भिंतीसकट ओतलेली) असेल तर अख्खी भिंतच काँक्रीटची. आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, भुकटी पांढरट-राखाडी, मऊ आणि भरपूर, तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या काँक्रीटचा ब्लॉक, ज्याला पुण्यात गवंडी सरसकट सिपोरेक्स म्हणतात. ड्रिल मध्येच एकदम पोकळीत घुसलं तर पोकळ ब्लॉक आहे, तिथे सायकल नको, दुसरी भिंत शोधा.

भोक पाडण्याआधी एक नियम पाळाच, स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावायचं नाही, वायरचे पाइप तिथूनच गेलेले असतात. बाथरूमच्या आणि किचनच्या सिंकच्या मागच्या भिंतीलाही नको. त्या खोलीचा एमसीबी बंद करून ड्रिलला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन घ्या.

वीट असेल तर १० एमएमचा, ८० एमएम लांबीचा नायलॉन प्लग आणि त्याला बसणारा कोच स्क्रू (पान्यानं पिळायचा जाड स्क्रू). हूकसोबत आलेले प्लग सरळ कचऱ्यात टाका. प्लास्टर वजन धरत नाही, त्यामुळे ३५ एमएमच्या प्लगमधला एक तृतीयांशाहून जास्त भाग फुकट जातो. दोन विटांच्या सांध्यात भोक आलं, म्हणजे लालऐवजी एकदम करडी वाळू यायला लागली, तर दीड-दोन इंच वर सरका.

काँक्रीट असेल तर सगळ्यात भक्कम, पण घरगुती ड्रिलनं तासभर घासत बसू नका, रोटरी हॅमर भाड्यानं मिळतो. ८ एमएमचा अँकर फास्टनर (आवळला की भोकात फुगून बसणारा धातूचा बोल्ट) पुरतो. बिट अचानक थांबलं आणि टणक आवाज आला तर आत सळई लागलीये, जोर न लावता बाजूला सरका, कॉलमची सळई कापायची नाही.

एएसी ब्लॉक हा खरा त्रास आहे आणि नव्या बिल्डिंगमध्ये बहुतेक आतल्या भिंती याच्याच असतात. या ब्लॉकमध्ये मुळातच हवेचे बुडबुडे असतात, म्हणून तो हलका असतो आणि म्हणूनच साधा प्लग फुगला की आजूबाजूचा माल चुरून जातो, पकड बसतच नाही. धातूचा फास्टनर तर इथे अजिबात नको, तो काँक्रीटसाठीच आहे. ड्रिल हॅमर मोडवर ठेवू नका, नुसतं फिरू द्या, हॅमरनं भोक आतून मोठं होतं. आणि लाकडी गुट्टी ठोकून देतो म्हणणाऱ्या सुताराला नम्रपणे नको म्हणा, लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि गुट्टी सैल होते. भोकात एम-सील किंवा काड्या कोंबणं हाही तसलाच प्रकार.

माझ्या मते एएसीवर हूक थेट लावायचाच नाही. दीड इंच जाडीची, तीन-साडेतीन फूट लांब लाकडी फळी घ्या, ती भिंतीवर आडवी बसवा, त्यात सहा ठिकाणी लांब नायलॉन फ्रेम प्लग टाका जे फळी सोडून ब्लॉकमध्ये निदान ७० एमएम आत जातील (भिंत चार इंचीच असेल तर आरपार जात नाहीयेत ना बघा), आणि हूक त्या फळीत पिळा. वजन सहा जागी वाटलं जातं. पलीकडची खोलीही तुमचीच असेल आणि भिंत चार इंची असेल तर आरपार थ्रेडेड रॉड (आटे पाडलेली सळई) टाकून मागे मोठी पट्टी आणि नट लावणं याहून पक्कं काही नाही. किंवा कोपऱ्यातला कॉलम शोधा, तिथे सगळा प्रश्नच मिटतो.

आडव्या हूकला एवढी काळजी का, हे हिशोबानं बघा. १५ किलोची सायकल भिंतीपासून ३५ सेंटीमीटरवर लटकतेय आणि पट्टीच्या खालच्या कडेपासून वरचा स्क्रू १५ सेंटीमीटरवर आहे, तर वरच्या स्क्रूवर भिंतीतून उपटणारी ओढ साधारण ३५ किलो येते. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि सायकल टाकताना बसणारा झटका वेगळाच. उभ्या टांगलेल्या सायकलचं मागचं चाक भिंतीला टेकलेलं असतं, ते थोडा भार घेतं, म्हणून ही ओढ बरीच कमी होते. भिंतीची खात्री नसेल तर उभीच टांगा.

भोक झालं की आतली भुकटी सायकलच्या पंपानं फुंकून काढा, चष्मा घालून. प्लग, पट्टी, स्क्रू, झालं.

सायकल लावण्याआधी वजन लावून बघा

पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे २० किलो. उभ्या हूकला दोन जार पट्ट्यानं बांधून रात्रभर लटकवा, खाली जुनी गादी टाकून. आडव्या हूकला जार अगदी टोकाशी बांधा, जिथे सायकल बसणार तिथेच. सकाळी पट्टीच्या वरच्या कडेला व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा, आत गेलं तर स्क्रू बाहेर यायला लागलाय, तिथे सायकल टांगू नका.

भाड्याच्या घरात

मालक भोक पाडू देत नसेल तर भिंतीला टेकून उभा राहणारा, तळाला रुंद पाय असलेला दोन सायकलींचा स्टँड घ्या, जड सायकल खाली. जमीन ते छत ताणून बसणारा खांब घ्यायचा असेल तर वर स्लॅब उघडा आहे ना ते बघा, फॉल्स सीलिंगला तो दाबला की पीओपी फुटतं.

रोजचं

टायर टेकतात तिथे प्लास्टिकची शीट चिकटवा, नाहीतर भिंत काळी होते. पेडल पॅसेजमध्ये घुसत असेल तर १५ नंबरच्या पान्यानं काढा, फक्त डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, तो घड्याळाच्या दिशेनं सुटतो. कार्बन फ्रेम वरच्या नळीला क्लॅम्पमध्ये आवळू नका. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर खाली उतरवल्यावर निघण्याआधी लिव्हर चार वेळा दाबून बघा. पावसातून आलात की सायकल लगेच टांगू नका, जमिनीवर उभी ठेवून पाणी निथळू द्या, चेन जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसा आणि तेलाचे थेंब सोडा. ई-सायकलची बॅटरी काढून टांगा, आणि चार्जिंग घराच्या मुख्य दारापाशी किंवा झोपेत असताना नको.

पावसाळा संपला की एकदा हूक हातानं हलवून बघा. हलत असेल तर तोच स्क्रू पुन्हा आवळत बसू नका, ते भोक गेलं. तीन-चार इंच बाजूला नवीन पाडा.