दोन मिलिमीटरच्या मशीनचं जुनं घड्याळ बेळगावच्या पावसात सांभाळताना

पियाजे या स्विस घड्याळ कंपनीची १९५७ सालची ९पी ही चावीची मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, जेमतेम २ मिलिमीटर जाड. व्हॅशरॉन कॉन्स्टँटिन या दुसऱ्या स्विस कंपनीची १००३ तर १.६४. इथे केसाएवढी चूकही महागात पडते.

घेताना भिंग लावा. चावी ओढून काटे हळूहळू पूर्ण बारा तास फिरवा. तासकाटा-मिनिटकाटा एकमेकांवरून जाताना किंवा काचेखाली घासत असतील, तर सौदा थांबवा. मागच्या झाकणावर तिरका उजेड पाडा: सोन्याचा पातळ पत्रा आत दबला की मशीनला टेकतो आणि घड्याळ अडतं. अंगठ्याने दाबून पाहू नका, तेवढ्यानेही चेपतं!

चावी रोज सकाळी, घड्याळ मनगटावरून काढूनच द्या. हातात असताना चावी तिरकी ओढली जाते नि आतली दांडी वाकते. अडली की तिथेच थांबा.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. खानापूरकडच्या ओल्या हवेत तबकडीवर डाग पडतात, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. पट्टा वेगळा काढा. घड्याळ सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा. तांदळाच्या डब्यात मात्र नको, कोंडा आत शिरतो. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, पण अशी पातळ मशीन आधी उघडलीय का, हे विचारूनच हातात द्या.