टर्बो गाडीचं हेड उघडताय? या चुका टाळा

इंदूरच्या रस्त्यांवर टर्बो पेट्रोल गाड्या आता भरपूर दिसतात. रीमॅप (इंजिनाच्या संगणकाच्या सेटिंगमधला बदल) झाला, डाउनपाइप (टर्बोमागची एक्झॉस्ट नळी) झाला, टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर बसला, की हौशी माणसाची नजर हेडवर, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या, वॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागावर जाते. विचार चुकीचा नाही. टर्बो कितीही हवा ढकलू दे, ती सिलिंडरमध्ये शिरणार आणि बाहेर पडणार हेडमधूनच. पण डाउनपाइप पसंत पडला नाही तर तासाभरात परत बदलता येतो, हेडचं तसं नाही. माझ्या पाहण्यातल्या फसलेल्या कामांत पोर्ट (हेडमधल्या हवेच्या वाटा) घासणाऱ्याचा हात वाईट होता असं क्वचितच झालंय. बहुतेक ठिकाणी मापच घेतलं नव्हतं, किंवा घेतलेलं माप कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

अडथळा कुठे आहे ते न बघता हेड उतरवणं

बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, दाखवणाऱ्या गेजचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. इंजिनाला जी हवा गिळता येत नाही ती मॅनिफोल्डमध्ये साचते आणि तिचाच दाब गेजवर दिसतो. हेड मोकळं केलं की त्याच बूस्टला जास्त हवा आत जाते, म्हणजे टर्बोलाही तेवढी जास्त हवा पुरवावी लागते. टर्बो आधीच दमलेला असेल तर उत्तम पोर्टिंग करूनही वरच्या आरपीएमला हाती फारसं काही लागत नाही. छोट्या १.० आणि १.२ लिटर इंजिनांवरचे कंपनीचे टर्बो रीमॅपनंतर बऱ्याचदा याच अवस्थेत असतात.

म्हणून आधी टर्बाइनच्या अलीकडे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये दाब मोजा. तांब्याच्या नळीला दोन-चार वेढे देऊन गेज लावलं की गेजपर्यंत आच पोचत नाही. हा दाब बूस्टच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त दिसला तर गळा टर्बाइनपाशी आवळला गेलाय. पैसे आधी टर्बोवर घाला, हेड नंतर.

त्याच बैठकीत कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) या दोन्ही चाचण्या करून आकडे वहीत लिहा. कॉम्प्रेशन घेताना इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर आणि थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कारण आधी शोधा. लीक-डाउनला हवा ऑइल फिलरमधून फुसफुसली तर रिंगा, थ्रॉटलकडून आली तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट किंवा तडा. रिंगा गेलेल्या ब्लॉकवर चोख हेड चढवून काहीच साधत नाही.

पोर्ट जेवढं मोठं तेवढं बरं, असं धरून चालणं

पोर्ट रुंद केलं की हवेचा वेग पडतो. खालच्या आरपीएमला सिलिंडर नीट भरत नाही, टर्बो उशिरा जागा होतो, आणि पलासियाच्या सिग्नलवरून निघताना गाडी पूर्वीपेक्षा मंद वाटते. खरा फायदा वॉल्व्हच्या अगदी मागच्या दोन-अडीच सेंटिमीटरमध्ये असतो: सीटखालची (वॉल्व्ह टेकतो त्या कड्याखालची) धार, गाइडभोवतीचा (वॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीभोवतीचा) फुगवटा, आणि पोर्टच्या आतल्या बाजूचं छोटं वळण. हे वळण गोल राहिलं पाहिजे. तिथे जास्त धातू काढला की हवा भिंत सोडते आणि वॉल्व्हच्या एकाच बाजूने वाहू लागते. सीटखालचा गळा साधारण वॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के ठेवतात, त्यापुढे जायचं कारण नाही.

इनटेक पोर्ट आरशासारखं चकचकीत करायचा मोह टाळा. पोर्टमध्ये इंजेक्शन असलेल्या इंजिनात तुकतुकीत भिंतीवर पेट्रोल ओघळून जमतं. थोडी खरखर, ८० ग्रिटच्या आसपासची, ठीक असते. एक्झॉस्ट पोर्ट आणि ज्वलनकक्ष मात्र गुळगुळीत केले तर कार्बन कमी धरतात.

आपलं इंजिन कोणतं आहे हेही बघा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं आहे आणि त्याभोवती कूलंटच्या वाटा आहेत. तिथे अंदाजाने ग्राइंडर घातला तर भिंत फुटून थेट पाणी लागतं. जुन्या १.८ टी इंजिनात छोट्या पोर्टचं आणि मोठ्या पोर्टचं अशी दोन प्रकारची हेड आली. वापरलेलं हेड आणताना ते आपल्या इनटेक मॅनिफोल्डशी जुळतं का, हे गॅस्केट धरून बघा. पायरी राहिली तर सगळी मेहनत तिथेच अडते.

फेस मारताना हिशोब न करणं

फेस मारणं म्हणजे हेडचा ब्लॉकला टेकणारा पृष्ठभाग मशीनवर तासणं. सांवेर रोडच्या मशीन शॉपमध्ये हेड टेकवलं की पहिला प्रश्न येतो, "साहेब, किती घेऊ? दहा थाउ?" त्याचं उत्तर हेडचा वाक मोजल्याशिवाय देऊ नका. हेड धुऊन स्वच्छ करा, स्ट्रेट एज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवा, खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) सरकवून पाहा. ०.०५ मिलिमीटरचं पान कुठेच शिरत नसेल तर हेड बहुधा सरळ आहे. मग फक्त पृष्ठभाग साफ होईल एवढंच घ्या. आपल्या इंजिनाची नेमकी मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, शेवटचा शब्द तिचा.

दहा थाउ म्हणजे ०.२५ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ, पण हिशोब करून बघा. ७१ मिलिमीटर बोअरच्या १.२ लिटर, चार सिलिंडर इंजिनात एवढ्याने कक्षाचं आकारमान एका सिलिंडरमागे जवळपास १ सीसी घटतं. कॉम्प्रेशनचं गुणोत्तर १०:१ असेल तर ते १०.३:१ च्या आसपास जातं. टर्बो इंजिनात, मे महिन्यातल्या ४२ अंशांत, एवढ्याने नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होऊ शकतं. शिवाय ओव्हरहेड कॅम असलेल्या इंजिनात हेड खाली आलं की कॅमचं टायमिंग थोडं मागे सरकतं आणि वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो.

वाढलेलं कॉम्प्रेशन उतरवायला जाड गॅस्केट टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. आकडा खाली येतो हे खरं. पण पिस्टन वर आल्यावर कडेला उरणारी फट, जी साधारण १ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, ती वाढते. मिश्रण कडेकडून मधे दाबलं जात नाही, ज्वलन रेंगाळतं आणि नॉकिंगची भीती उलट वाढते. कॉम्प्रेशन कमीच करायचं असेल तर कक्षातून धातू काढणं किंवा वेगळे पिस्टन हे सरळ मार्ग आहेत.

सगळे कक्ष सारखे आहेत का ते ब्युरेटने मोजा. प्लग आणि वॉल्व्ह लावून हेड उताणं ठेवायचं, कक्षावर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची चकती ग्रीसने चिकटवायची, आणि भोकातून पातळ तेल सोडत राहायचं, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. कक्षांमध्ये अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक ठेवू नका. ज्याचा कक्ष लहान तो सिलिंडर आधी ठोकतो, आणि ट्यून करणाऱ्याला त्या एकासाठी बाकीच्यांचंही टायमिंग मागे घ्यावं लागतं.

सीट आणि स्प्रिंगकडे दुर्लक्ष

वॉल्व्हची सीट ३०-४५-६० अशा तीन कोनांत कापली की हवा सहज वळते. पण फ्लोच्या हव्यासापायी एक्झॉस्टची सीट अगदी बारीक करू नका. एक्झॉस्ट वॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते, आणि टर्बो इंजिनात पूर्ण भाराला एक्झॉस्ट गॅस ९०० अंशांच्या वर जातो. सीट साधारण दीड मिलिमीटर रुंद असली तर वॉल्व्ह टिकतो, बारीक असली तर कडा जळते. काही टर्बो इंजिनांत एक्झॉस्ट वॉल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम असतं. असा वॉल्व्ह कापू नका, सोडियमचा पाण्याशी स्फोट होतो.

स्प्रिंगचं गणित टर्बोवाल्यांनी तर करायलाच हवं. इनटेक वॉल्व्ह ३४ मिलिमीटरचा असेल तर १ बार बूस्ट त्याच्या पाठीवर सुमारे ९ किलोचा जोर देऊन तो उघडायला बघतो. स्प्रिंगचा सीटवरचा दाबच २०-२५ किलो असेल तर त्यातला केवढा भाग बूस्टनेच खाल्ला! वरच्या आरपीएमला वॉल्व्ह तरंगतो, म्हणजे वेळेत बंद होत नाही, गाडी मिस करते, आणि लोक कॉइल आणि प्लग बदलत बसतात. कडक स्प्रिंग टाकताना वॉल्व्ह पूर्ण उघडला असताना वेढ्यांमध्ये एकूण १ मिलिमीटरच्या आसपास जागा उरते का ते बघा.

कॅम बदलला असेल किंवा फेस मारला असेल तर पिस्टनवर मऊ चिकणमाती ठेवून, हेड जुन्या गॅस्केटसह हलकं आवळून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. मग हेड काढून माती कापा आणि जाडी मोजा. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि वॉल्व्हमधले, तेलाच्या दाबाने चालणारे) असतील तर या तपासणीपुरते घट्ट टॅपेट लावा, नाहीतर टॅपेट दबून माप खोटं येतं. इनटेकला किमान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर ही सुरक्षित समजली जाणारी मापं.

हेड बसवताना घाई

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. पोर्टिंगची धूळ आणि वॉल्व्ह घासायची पेस्ट तेलाच्या वाटांत राहिली तर बेअरिंग खाते. केरोसिनचा एक फवारा पुरत नाही. गरम पाणी, साबण, नळीचे ब्रश, मग दाबाची हवा, प्रत्येक भोकातून. ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट काढायला ड्रिलवर खरखरीत चकती लावू नका. तिच्यातून झडणाऱ्या कणांनी बेअरिंग जातात, म्हणून जनरल मोटर्सने आपल्या डीलरांना याविरुद्ध लेखी सूचना दिली होती. प्लास्टिकची पट्टी आणि गॅस्केट रिमूव्हर वापरा, वेळ लागू द्या.

ओळखीच्या एका ऑक्टाव्हियाचं हेड एका वर्कशॉपने अगदी सुरेख पोर्ट केलं होतं. बसवताना ब्लॉकच्या बोल्टभोकांत तेल राहिलं. बोल्ट आवळताना त्या तेलाला जायला वाट नव्हती, टॉर्क पाना आकडा गाठल्याचं सांगत राहिला आणि बोल्ट मात्र पूर्ण बसलाच नाही. पहिल्याच लांब फेरीत, खंडवा रोडच्या भेरूघाटात, कूलंटची बाटली उकळली. नशीब, ब्लॉकला तडा गेला नाही. अशाने तोही जातो. भोकं आट्यांच्या टॅपने साफ करून हवेने कोरडी करा.

कंपनीचे बहुतेक हेड बोल्ट ताणले जाणारे असतात, म्हणजे ठरावीक टॉर्कनंतर ९० अंश, पुन्हा ९० अंश असे फिरवायचे. ते एकदाच वापरायचे. बोल्टऐवजी स्टड (नट लावायचे आटेदार दांडे) टाकले असतील तर त्यांचा टॉर्क वेगळा असतो आणि बनवणाऱ्याने दिलेल्या ल्युब्रिकंटसहच खरा ठरतो. आवळायचा क्रम मधून बाहेरच्या बाजूला. स्टीलच्या थरांचं एमएलएस गॅस्केट असेल तर ब्लॉक आणि हेड दोन्हींचा फेस बारीक असावा लागतो. मशीनवाल्याला गॅस्केटच्या पत्रकावरचा फिनिशचा आकडा दाखवा.

पेट्रोल आणि ट्यून

नवं हेड जुन्या ट्यूनवर पळवू नका. हवा वाढली, इंधन तेवढंच राहिलं, तर मिश्रण पातळ होतं. कोणत्या पेट्रोलवर गाडी रोज चालणार ते ट्यून करण्याआधी ठरवा. ९१ ऑक्टेनवर केलेला ट्यून ९५ वर बिनधास्त चालतो, उलटं केलं तर पिस्टन जातो. चाचण्या डायनोवर (रोलरवर गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या, रात्री सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर नाही. तिथे इतर माणसंही असतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि वॉरंटी व विमा दोन्हींवर परिणाम होतो. हे आधी विचारून घ्या.

बसवल्यावर त्रास दिला तर

सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूर आणि कूलंट कमी होत असेल तर गॅस्केट. कूलंटच्या बाटलीवर ज्वलनगॅस ओळखणाऱ्या द्रवाची चाचणी करा, द्रवाचा रंग बदलला तर शंका राहत नाही. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला तर वॉल्व्ह सील किंवा गाइड. ठरावीक आरपीएमनंतरच मिस होत असेल तर स्प्रिंग. खालून दम गेला आणि वरूनही मिळाला नाही, तर कॅमचं टायमिंग पहिल्यांदा तपासा, विशेषतः फेस मारला असेल तर. गाडी फक्त दुपारी, एसी लावून, ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर कूलिंग सिस्टिममध्ये हवा अडकलेली असू शकते. हवा काढा, आणि बोअरचं पाणी भरू नका. त्याच्या क्षारांचा थर हेडच्या वाटांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरच्या आत बदला. फिल्टर फेकायच्या आधी कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहा. घडीत चकचकीत अ‍ॅल्युमिनियम दिसलं तर त्याच दिवशी गाडी थांबवा, संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवा आणि बेअरिंग बघा.